जुन्या ड्रमचा रॅप सोलण्याआधी त्याचा सांधा बघा

जुना ड्रम घरी आला की पहिली खाज सुटते ती रॅप सोलायची. रॅप म्हणजे शेलवर, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्यावर, गुंडाळलेला तो चकचकीत प्लास्टिकचा पातळ पत्रा, कधी मोत्यासारखा, कधी चमकी भरलेला. पिवळा पडलेला असतो, एका कडेने उचललेला असतो, आणि आपल्याला वाटतं काय त्यात, नख घालायचं आणि ओढायचं.

मी ओढलं होतं. बारा इंची टॉम (ड्रम सेटमधला एक छोटा ड्रम) होता, साठच्या दशकातला अमेरिकन, एका काकांच्या माळ्यावरून आणलेला. सहा-सात इंच रॅप छान निघाला आणि मग कर्रर्र करून आवाज आला, बघतो तर रॅपच्या मागे लाकडाची सालपट चिकटून आलेली, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. रॅप शेलवर नुसता वरून चिकटवलेला नव्हताच, त्याचं टोक शेलच्या आत शिरलेलं होतं. हे तेव्हा मला माहीत असतं तर तो टॉम आज धड असता. म्हणून जे कोणी पहिल्यांदाच जुना ड्रम उघडताय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, आणि कारखान्यांनी रॅप लावायची पद्धत का बदलली, कारण ते कळलं की हात आपोआप सांभाळून चालतो.

पायरी १: सगळं उघडा, पण रॅपला हात लावू नका

दोन्ही बाजूची हेड (वाजवायचे पडदे) काढा, हूप (हेड दाबून धरणारी कडी) काढा. लग (शेलवरचे धातूचे तुकडे, ज्यांत हूप आवळायचे स्क्रू जातात) काढायच्या आधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि प्रत्येक लगला मास्किंग टेपवर नंबर घालून त्याच्याच स्क्रूसकट वेगळ्या पुडीत ठेवा. हे कंटाळवाणं आहे पण जुन्या शेलची भोकं अगदी सरळ रेषेत असतीलच असं नाही, लग इकडचा तिकडे झाला की बसत नाही. बॅज, म्हणजे कंपनीची नावपट्टी, मात्र काढू नका. तो हवेच्या भोकातल्या रिव्हेटने धरलेला असतो, काढताना वाकतो, आणि जुन्या ड्रमचं अर्धं आधारकार्ड तोच असतो.

लग निघाल्यावर त्याच्याखालचा रंग बघा. तिथे उजेड पोचलेला नसतो त्यामुळे मूळ रंग तसाच राहतो. बाहेर हिरवट दिसणारा ड्रम लगखाली चक्क निळा निघतो, आणि साय-रंगाचा वाटणारा पर्ल (मोत्यासारखा रॅप) खाली शुभ्र पांढरा. रॅपवरचा पारदर्शक थर वर्षानुवर्षं उन्हाने पिवळा पडतो आणि निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा, एवढं साधं गणित आहे. हा पिवळेपणा आतपर्यंत गेलेला असतो, घासून जाणार नाही, त्यामुळे पॉलिश घेऊन बसू नका.

पायरी २: वास घ्या

हसू नका, खरंच. रॅपची एखादी कड अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद जोरात घासा, गरम झाली की नाकाशी न्या. कापराचा वास आला, आपल्या आरतीतला तोच, तर तो सेल्युलॉइड आहे म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. हे प्लास्टिक बनवतानाच त्यात कापूर घालतात, त्याने ते लवचिक होतं. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८६९-७० च्या सुमाराला हस्तिदंती बिलियर्ड बॉलला पर्याय शोधताना हे मार्गी लावलं, मग त्याचे कंगवे झाले, पेनं झाली, सिनेमाच्या रिळी झाल्या, आणि १९२० च्या दशकात ते ड्रमवर चढलं. त्याआधी ड्रमला सरळ पॉलिश नाहीतर रंग असायचा. ड्युपाँटचं पायरालिन हे नाव त्या काळच्या रॅपच्या संदर्भात सारखं ऐकू येईल, ते याच मालाचं.

वास आंबट, व्हिनेगरसारखा आला तर सेल्युलोज अ‍ॅसिटेट. काहीच आला नाही तर बहुतेक नंतरचा व्हिनाइलचा माल. अगदी जुन्या कोरड्या सेल्युलॉइडमधला कापूर उडून गेलेला असू शकतो, तेव्हा वास नाही आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका.

आणि तुकडा जाळून बघायची टेस्ट कोणीतरी सांगेल, ती करू नका. सेल्युलॉइड म्हणजे टेबल टेनिसचा जुना बॉल, २०१४ मध्ये प्लास्टिकचे बॉल येईपर्यंतचा, तो लहानपणी कोणी पेटवला असेल तर आठवेल, भस्सकन जातो. पुण्यात २००३ मध्ये फिल्म अर्काइव्हच्या जुन्या नायट्रेट रिळींना आग लागली होती, तोच हा पदार्थ. ड्रम आपोआप पेटणार नाही, घाबरू नका, पण त्याच्याजवळ हीट गन, ग्राइंडर, सिगारेट असलं काही नको.

पायरी ३: आता सांधा शोधा

हीच मुख्य पायरी आहे. पत्रा गोल गुंडाळला की त्याची दोन टोकं कुठेतरी भेटणारच, तिथे नीट उजेड पाडून बघा. टॉर्च तिरपा धरा म्हणजे उंचवटा दिसतो. बेस ड्रमला सांधा बहुतेक खाली, पायांच्या बाजूला असतो कारण तिथे प्रेक्षकांना दिसत नाही. टॉमवर लगच्या रांगेत किंवा बॅजच्या उलट बाजूला सापडतो.

सांध्यावरून नख दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने सुळकन जातं आणि दुसऱ्या दिशेने अडकतं, तर एक टोक दुसऱ्यावर चढवलेलं आहे, म्हणजे ओव्हरलॅप. सांध्याच्या बाजूने बारीक खिळ्यांची डोकी दिसली तर माल बराच जुना, तेव्हा नुसत्या गोंदावर भरवसा नव्हता. आणि कडच सापडत नाही, पत्रा एका बारीक फटीत जाऊन गायब होतो असं दिसलं, तर थांबा. हाच तो माझ्या टॉमवाला प्रकार.

खात्री करायची असेल तर ड्रम उभा करून वरून शेलच्या कडेकडे बघा, म्हणजे जिथे हेड बसतं त्या बेअरिंग एजकडे. तिथे प्लायचे थर कापलेल्या केकसारखे दिसतात. सांध्याच्या जागी रॅपची रंगीत रेघ बाहेरून वळून लाकडाच्या दोन टोकांच्या मध्ये तिरपी आत शिरलेली दिसेल. लुडविग आणि स्लिंगरलँड, दोन्ही शिकागोचे कारखाने, त्यांच्या पन्नास-साठच्या दशकातल्या थ्री-प्लाय (तीन थरांच्या) शेलमध्ये हे बघायला मिळतं. पहिल्यांदा दिसलं की माणूस दोन मिनिटं नुसता बघत बसतो, लाकडाच्या पोटात मोती.

हे त्यांनी केलं कसं, आणि मग सोडलं का

सुताराकडे सनमायका लावताना बघितलंय ना? कपाट तयार झालं की वरून सनमायका. आता कल्पना करा की सुताराने आधी सपाट पातळ प्लायवर सनमायका चिकटवला आणि मग सनमायकासकट ते प्लाय वाकवून कपाट केलं. हे कारखाने तेच करत होते. सगळ्यात बाहेरचा लाकडाचा थर सपाट असतानाच त्यावर सेल्युलॉइड चिकटवायचं, मग बाकीच्या थरांना गोंद लावून सगळं एकत्र गोल साच्यात घालून दाबायचं. बाहेरच्या थराची दोन टोकं तिरपी तासलेली असायची, एकावर एक बसायला, आणि रॅपचं टोक त्या तिरप्या जोडात दाबलं जायचं. साच्यातून ड्रम बाहेर आला की रंग लागलेलाच.

फायदे मोठे होते. सपाट पृष्ठभागावर दाब सगळीकडे सारखा बसतो म्हणून फुगे नाहीत. कडच नाही म्हणून उचलायला काही नाही. सांधा बघावा तर नुसती केसाएवढी रेघ. माझ्या मते रॅप लावायची याहून देखणी पद्धत नंतर कोणी काढली नाही.

पण कारखानदाराच्या जागी बसून बघा. ड्रम जन्माला यायच्या आधीच त्याचा रंग ठरवावा लागतो. दुकानदाराने फोन करून सांगितलं की आता निळा नको, काळा ऑयस्टर (शिंपल्यासारखा चमकणारा रॅप) पाठवा, तर तुमच्याकडे रॅकवर निळी शेल पडून आहेत आणि त्यांचं काही करता येत नाही. लग लावताना ड्रिल सटकून रॅपवर ओरखडा गेला तर अख्खं शेल बाद, कारण रॅप बदलायचा म्हणजे लाकूडच फाडायचं. जोपर्यंत मागणी बेताची आणि रंग मोजके तोपर्यंत हे परवडत होतं.

मग १९६४ आलं. ९ फेब्रुवारीला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर, एड सलिव्हनच्या शोमध्ये वाजवायला बसले, ७ कोटींहून जास्त लोकांनी बघितलं म्हणतात, आणि त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या बेस ड्रमवर ठळक अक्षरात लुडविग. त्याने पहिला लुडविग सेट १९६३ मध्ये लंडनच्या ड्रम सिटी दुकानातून घेतला होता आणि तो निवडला होता मुळात रंगावरून, ऑयस्टर ब्लॅक पर्ल. म्हणजे एका रॅपने कारखान्याचं नशीब काढलं म्हणा ना. त्या रात्रीनंतर अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला ड्रम हवा होता, आणि शिकागोत जादा पाळ्या लागल्या.

एवढ्या मागणीत रंग-आधी-शेल-नंतर ही पद्धत गळ्याशी येते. कोरी शेल भराभर बनवून रचून ठेवायची आणि ऑर्डर आली की तो रंग गुंडाळायचा, हे कितीतरी सोपं. साठच्या दशकाच्या शेवटाला आणि सत्तरच्या सुरुवातीला म्हणूनच सांधे बाहेर आलेले दिसतात, एक टोक दुसऱ्यावर, साधारण अर्धा-पाऊण इंच. पुढे शेलही बदलली, लुडविगने १९७६ मध्ये आतून मजबुतीची कडी (रीइन्फोर्समेंट रिंग) असलेली थ्री-प्लाय सोडून सहा-प्लायची शेल आणली, आणि तिथे रॅप बाहेरूनच.

दुसरं कारण मालाचं, आणि ते मला जास्त पटतं. सेल्युलॉइड आकसतं. आतला कापूर आणि उरलेले सॉल्व्हंट हळूहळू उडून जातात, पत्रा लहान होतो, आणि लाकूड मात्र रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. हिशोब करा, १४ इंची शेलचा घेर साधारण ११२ सेंटीमीटर. पत्रा अर्धा टक्का जरी आकसला तरी साडेपाच मिलिमीटर कमी पडणार. २२ इंची बेस ड्रमचा घेर पावणेदोन मीटर, तिथे जवळपास नऊ मिलिमीटर. टोकं जोडात गच्च अडकलेली असली तर हे नऊ मिलिमीटर आणणार कुठून? मग पत्रा मधेच तडकतो, नाहीतर टोक जोडातून ओढून काढतो. ओव्हरलॅपमध्ये वरचं टोक थोडं सरकलं तरी खाली पत्रा असतोच, उघडं लाकूड दिसत नाही. दिसायला गावठी पण चुका पोटात घालणारी पद्धत.

शिवाय नायट्रेटचे पत्रे हळूहळू बाजारातून हटत गेले, आगीच्या भीतीने कोणालाच ते गोदामात नको होते, आणि त्यांच्या जागी अ‍ॅसिटेट, व्हिनाइल असले पत्रे आले. वेगळा माल म्हणजे वेगळा गोंद, वेगळं वाकणं, जुनी साच्याची रीत जशीच्या तशी चालणार कशी.

आणि तिसरा टप्पा, फक्त दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. सांध्यापाशी दोन पट्ट्या टेप, बाकी सगळा पत्रा नुसता ताणून गुंडाळलेला, मागे गोंदच नाही. स्वस्तातल्या सेटवर हे भरपूर दिसतं. ओळखायचं कसं, रॅपवर बोटाने टिचकी मारा, लाकडावर मारल्यासारखा टणक आवाज यायला हवा, पापडावर मारल्यासारखा आला तर खाली गोंद नाही. काही जण म्हणतात असं मोकळं ठेवल्याने शेल जास्त खुलून वाजतं. असेल, मला तरी फक्त फ्लोअर टॉमवर एक बारीक भुणभुण ऐकू आलीय जी महिनाभर मी स्नेअरची (खाली तारा ताणलेल्या ड्रमची) समजत होतो.

पायरी ४: कुठला सांधा, त्याप्रमाणे काय करायचं

टेपवाला असेल तर सगळ्यात सोपं. जुनी टेप काढा, चिकटपणा पुसा, नवीन चांगल्या प्रतीची टेप लावा, पत्रा ताणून परत बसवा. दोघं लागतात, एकाने ताणायचं, एकाने दाबायचं.

ओव्हरलॅप उचललेला असेल तर आधी खालचा वाळलेला गोंद लाकडी आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, ब्लेडने नाही. अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, सेल्युलॉइड त्यात विरघळतं, डाग नाही पडत, खड्डा पडतो. लाकडाचा पांढरा गोंद इथे उपयोगाचा नाही, प्लास्टिकवर प्लास्टिक तो धरत नाही. सनमायकाला वापरतात तो रबरवाला कॉन्टॅक्ट गोंद चालतो, पण आधी लगखाली झाकल्या जाणाऱ्या जागी एक थेंब लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पत्रा मऊ पडलाय का बघा. ठीक असेल तर दोन्ही बाजूंना अगदी पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग एका टोकापासून दाबत जायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, तेव्हा आधी कोरडी रंगीत तालीम करून घ्या. वर बटर पेपर, त्यावर लाकडी पट्टी, आणि सामान बांधायचा रॅचेट पट्टा आवळून चोवीस तास विसरून जा.

पत्रा ताठ झाला असेल आणि वाकत नसेल तर हेअर ड्रायर, कमी उष्णतेवर, हातभर लांबून आणि सतत हलवत. नुसता कोमट झाला पाहिजे.

ओव्हरलॅप आकसून टोकाला टोक पोचतच नसेल तर ओढू नका. जिथे ते आज आरामात बसतंय तिथेच चिकटवा. उरलेली फट लगखाली लपत असेल तर उत्तमच, नाहीतर राहू द्या, साठ वर्षांच्या ड्रमला तेवढी सुरकुती चालते.

आता आत शिरलेला सांधा. सोपं सांगायचं तर सोडून द्या. पत्रा चांगला असेल तर सुती कापड किंचित ओलं करून पुसा, कोरडं करा, लग परत लावा. जोडातून टोक थोडं बाहेर आलं असेल तर ते मागे ढकलायचा प्रयत्न नको, आतला गोंद कडक झालेला असतो, टोक मोडेल. फक्त सुटलेला भाग जागच्या जागी चिकटवा.

खरोखरच पत्रा गेलेला असेल, म्हणजे चिरा पडून चिवडा झालेला, किंवा बाजूचे लग-स्क्रू गंजायला लागलेत आणि नाकाला झोंबणारा वास येतोय, तर मात्र काढावा लागतो, कारण नायट्रेट सडताना जे वायू सोडतं ते आजूबाजूच्या धातूलाही खातं आणि शेजारच्या चांगल्या पत्र्यालाही बिघडवतं. त्या वेळी जोडापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून दोन्ही बाजूंना नव्या ब्लेडने फक्त पत्र्याच्या जाडीएवढा काप द्या. जोडातली पट्टी आतच राहू द्या, ती आता शेलचा भाग आहे. मग कापापासून सुरुवात करून पत्रा मागे दुमडत, अगदी सपाट कोनात, लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढत न्या. उभा ओढला की माझ्यासारखं होतं. सालपट उठायला लागलं की तिथेच थांबून पलीकडून या. उरलेल्या पट्टीची पातळी लाकडी फिलरने सारखी करा, हाताने, मशीन सँडर नको, नायट्रेटची धूळ ठिणगीची वाटच बघत असते.

नवा पत्रा घ्यायचा असेल तर एक मोजमाप

नवा रॅप साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. ओव्हरलॅपवर त्याचे दोन थर म्हणजे एक मिलिमीटर, आणि जुन्या शेल आधीच मापाला जरा भरीव असतात. माझ्या एका मित्राने सुंदर काम केलं आणि शेवटी हेड बसेना, सांध्याच्या जागी अडकतं. म्हणून चिकटवायच्या आधी कोरडा पत्रा गुंडाळून हेड टाकून बघा, सैल फिरलं पाहिजे. अडकलं तर सांध्याच्या वरच्या-खालच्या कडेला आतल्या टोकाचा एक छोटा कोपरा कापून टाकतात, हेडच्या कॉलरच्या (शेलवर उतरणाऱ्या कडेच्या) उंचीएवढा, हूपखाली दिसत नाही. आणि सांधा लगच्या रांगेखाली येईल असा फिरवा, स्क्रू आवळले की तो आपोआप दाबून धरला जातो.

ठेवायचं कुठे, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात मुंबई-कोकणात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तर अजिबात नको, सेल्युलॉइडला हवा खेळती लागते. सुती चादर टाका, खिडकीच्या उन्हापासून लांब. जुन्या केसमध्ये महिनोन्महिने बंद ठेवायचा असेल तर मधूनमधून उघडून वास घ्या.

आणि काढलेले तुकडे कचऱ्यात टाकायच्या आधी एक बोटभर चांगला तुकडा, लगखालचा, मूळ रंगाचा, कागदी पाकिटात घालून त्यावर ड्रमचं माप आणि बॅजवरचा नंबर लिहून वेगळा ठेवा, शेलमध्ये नाही. माझ्या त्या टॉमचा तुकडा, मागे चिकटलेल्या सालपटासकट, अजून आहे. कोणी नवीन मुलगा ड्रम घेऊन आला की आधी तो त्याच्या हातात देतो.